चाकांची चाल आणि टायरची झीज



पायातली जुनी चप्पल एकदा उलटी करून पाहा. कुणाची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली असते, कुणाची आतल्या अंगाने. चपला दुरुस्त करणारा जाणता कारागीर माणूस न पाहताच सांगतो, "हे गृहस्थ पाय फाकून चालतात, अन् हे पाय ओढत चालतात." चप्पल ही माणसाच्या चालण्याची वहीच असते म्हणा ना. मोटारीच्या टायरचेही अगदी तसेच आहे. चाक सरळ चालते की तिरपे, हवा बरोबर आहे की नाही, स्प्रिंगा आणि सांधे शाबूत आहेत की नाहीत, हे सगळे टायरच्या रबरावर उमटलेले असते. ते वाचता मात्र आले पाहिजे.

हे वाचायला का शिकायचे? आज गावोगावी जीप आहे, पिकअप आहे, लहान मोटार आहे. बाजाराचा माल, लग्नाचे वऱ्हाड, शाळेची मुले, रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायचा रोगी, सगळे तिच्यातून जातात. इंजिनातले तेल आपण पाहतो, काच पुसतो, मोटारीला हारही घालतो. पण ती जमिनीला जिथे टेकते तिथे वाकून पाहणारा विरळा. आणि टेकते तरी किती? हिशेब करू. माणसे बसल्यावर मोटारीचे वजन बाराशे किलो धरा. चार चाकांवर ते सारखे वाटले तर प्रत्येकावर तीनशे किलो आले. टायरमध्ये ३२ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोचा दाब. तीनशेला सव्वादोनने भागले की आले साधारण १३३ चौरस सेंटिमीटर. पोस्टाचे साधे कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. एकेक चाक जमिनीला टेकते ते जवळपास एका पोस्टकार्डाएवढे! घाटातल्या वळणावर, पावसात, ब्रेक दाबताना सगळी माणसे या चार पोस्टकार्डांच्या भरवशावर असतात.

बैलगाडीपासून मोटारीपर्यंत

आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते. ती वर्षानुवर्षे टिकते, पण रस्त्याला धरत नाही आणि हादरे थेट पाठीला पोचवते. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमधल्या पशुवैद्याने १८८८ साली हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले आणि चाकाचा स्वभावच पालटला. तशी कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ सालीच मांडली होती, पण तिचा काळ तेव्हा आला नव्हता. रबर मऊ असते म्हणून ते रस्त्याला धरते. जे मऊ, ते झिजणारच. टायर झिजतो हा त्याचा दोष नव्हे. तो वाकडा झिजतो, वेळेआधी झिजतो, हा दोष आहे; आणि तो बहुधा टायरचा नसतो, चाकाच्या चालीचा असतो.

चालीतली पहिली अडचण वळणावर येते. ज्यांनी बैलांची मळणी पाहिली आहे त्यांना ती लगेच उमगेल. खळ्यात तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि पातीच्या कडेचा बैल धापा टाकीत धावतो. मोटारीच्या चाकांचे वळणावर हेच होते. आतले चाक लहान वर्तुळात फिरते, बाहेरचे मोठ्या. मग दोन्ही पुढची चाके सारखीच वळवली तर एकाला फरफटत जावे लागेल. म्युनिक शहरातला गाडी बनवणारा कारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१६ च्या सुमारास यावर तोड काढली. प्रत्येक चाक आपल्या वेगळ्या खुंटीवर वळावे आणि आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे. रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट घेतले म्हणून आकरमानचेच नाव तिला चिकटले. त्या वेळी मोटार जन्मालाही आली नव्हती, ही युक्ती घोडागाडीसाठी होती. आजच्या मोटारीचे सुकाणू याच तत्त्वावर वळते.

तीन कोन

चाके वेगळ्या खुंट्यांवर आली आणि एक नवी जबाबदारी आली. ती एकमेकांशी आणि गाडीच्या सरळ रेषेशी जुळलेली राहिली पाहिजेत. या जुळणीला गॅरेजमध्ये 'व्हील अलाइनमेंट' म्हणतात. तिच्यात मुख्य कोन तीन.

पहिला कोन 'टो'. चाकांकडे वरून पाहिले असे समजा. दोन्ही पुढच्या चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे झुकल्या असतील तर टो-इन, फाकल्या असतील तर टो-आउट. जुवाला जोडलेले दोन बैल एकमेकांकडे मान वळवून चालले तर काय होईल? गाडी पुढे जाईल, पण बैलांचे निम्मे बळ एकमेकांना ढकलण्यात जाईल आणि खांदे सोलतील. टोचा कोन जास्त झाला की चाकांचे असेच होते. मात्र थोडासा टो मुद्दाम ठेवतात, कारण चालताना सांध्यांतला ढिलेपणा घेऊन चाके किंचित हलतात आणि मग सरळ होतात. तो किती ठेवायचा हे गाडी बनवणारा ठरवतो.

दुसरा कोन 'कँबर'. गाडीकडे समोरून पाहा. चाकाचा माथा बाहेर कलला आहे की आत? जुन्या ट्रॅक्टरची पुढची चाके अशी पाहिलीत, तर ती वर फाकलेली आणि खाली जवळ आलेली दिसतील. ही रचना मुद्दाम केलेली असते. पण मोटारीत हा कल ठरल्यापेक्षा वाढला की टायरच्या एकाच कडेवर भार येतो. शिवाय कललेले चाक कलाच्या बाजूला वळू पाहते. रुपयाचे नाणे तिरपे घरंगळून द्या, ते कोणत्या बाजूला वळते ते दिसेल.

तिसरा कोन 'कास्टर'. तो समजायला सायकल पुरे. सायकलचा पुढचा चिमटा उभा सरळ नसतो, तिरपा असतो. त्यामुळे चालत्या सायकलचे हँडल आपोआप सरळ राहू पाहते, आणि धीट पोरे हात सोडून सायकल हाकतात. वळण संपल्यावर मोटारीचे स्टिअरिंग आपसूक परत फिरते ते याच कोनामुळे. हा कोन बिघडला तर टायर फारसा झिजत नाही, पण गाडी एका बाजूला ओढते किंवा सुकाणू भरकटते.

एवढ्याशा फरकाने काय होते?

तुम्ही म्हणाल, चाक एखादा केस इकडेतिकडे झाले तर असे काय बिघडते? शिक्षक मित्रहो, हे गणित वर्गात घालण्याजोगे आहे. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर, म्हणजे ६०० मिलिमीटर धरा. ते सरळ रेषेपासून इतके वळले आहे की पुढची कड मागच्या कडेपेक्षा ३ मिलिमीटर आत आली. ३ भागिले ६०० म्हणजे एक दोनशांश. कोन अर्ध्या अंशाहूनही कमी. कोनमापकावर दाखवता यायचा नाही. डोळ्यांना तर चाक सरळच दिसेल.

आता गाडी एक किलोमीटर चालली. चाकाचे तोंड तिरपे, पण गाडी त्याला सरळ नेते. तेव्हा हजार मीटरच्या चालीत त्याला हजाराचा दोनशेवा भाग, म्हणजे ५ मीटर, आडवे ओढून आणावे लागते. दहा हजार किलोमीटर चालल्यावर हेच ५० किलोमीटर होतात. साताऱ्याहून कराड जेवढे लांब, साधारण तेवढे अंतर ते चाक आडवे ओढले गेले! रबर लवचीक असल्याने यातला काही भाग ते नुसते ताणून सोसते, सगळाच घासण्यात जात नाही. पण उरलेला भागही नवा टायर अकाली बाद करायला पुरतो. शिवाय ही ओढाताण फुकट होत नाही. तिच्यासाठी इंजिन जास्त तेल जाळते.

झीज कशी वाचावी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला दगड लावा आणि उजेडात एकेक टायर पाहा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की पुढच्या टायरची आतली कड दिसते. ही कड पाहणे फार महत्त्वाचे. कितीतरी टायर बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतल्या कडेला त्यांचे दोरे उघडे पडलेले असतात. उभ्या उभ्या पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत असेल, तर हवा कमी ठेवून गाडी चालली आहे. उलट मधलाच पट्टा झिजला असेल, तर हवा जास्त होती.

एकच कड झिजली असेल आणि हात फिरवताना ती गुळगुळीत लागत असेल, तर कँबरवर संशय घ्या.

नक्षीच्या ठोकळ्यांची एक धार गोल आणि दुसरी करवतीसारखी लागत असेल, तर टो चुकला आहे. तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. आतून बाहेर येताना टोचले तर टो-इन जास्त. बाहेरून आत जाताना टोचले तर टो-आउट. हात मात्र जपून फिरवा, कधी कधी तार वर आलेली असते.

टायरभर मध्येमध्ये खळगे पडले असतील, तर शॉक अब्सॉर्बर निकामी झाले आहेत किंवा चाकाचा तोल बिघडला आहे. एकाच जागी चपटा डाग असेल, तर जोराच्या ब्रेकने चाक जाम होऊन घसरले होते.

येथे एक गोंधळ दूर करू. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामे आहेत. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचा तोल. चाकाची एक बाजू जड असेल तर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते. त्यावर रिमला लहानसे वजन चिकटवतात. अलाइनमेंट म्हणजे चाकाची दिशा. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके धरावे लागते. मात्र आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते केलेले असतात, त्यामुळे डाव्या अंगाने चालणारी गाडी थोडी डावीकडे जाणारच. परीक्षा सपाट रस्त्यावर घ्यावी.

बिघाड कुठून येतो, आणि काय करावे

सर्वांत मोठे कारण खड्डा. भर वेगात चाक खड्ड्यात आदळले किंवा गतिरोधक न दिसता गाडी उडाली, की टाय रॉड वाकतो, सांधे ढिले होतात. दुसरे कारण वय. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, रबरी बुश झिजतात. तिसरे कारण जास्तीचा भार. ऊस, कांदा, सिमेंट, जागा दिसेल तितके भरले की स्प्रिंगा बसतात आणि चाकांचे कोन बदलतात.

म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर क्रम पाळा. आधी हवा बरोबर करून घ्यावी. मग सांधे आणि बुश हलवून तपासावेत आणि झिजलेले बदलावेत. कोन त्यानंतर जुळवावेत. ढिल्या सांध्यांवर केलेली जुळणी गेटबाहेरच्या पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. आजची यंत्रे कॅमेऱ्याने कोन मोजतात आणि आधीचे व नंतरचे आकडे कागदावर छापून देतात. तो कागद मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढच्या खेपेला ताडून पाहता येतो. बहुतेक लहान मोटारींत टोच तेवढा सहज बदलता येतो. कँबर हटला असेल तर बहुधा एखादा भाग वाकलेला असतो. तो न बदलता "चालवून घ्या" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

साधारण दहा हजार किलोमीटरला एकदा जुळणी तपासावी. मोठा धक्का बसला तर आकड्याची वाट पाहू नये. त्याच सुमारास टायरांची अदलाबदलही करावी, कारण पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या रीतीने झिजतात. पण आधी झीज वाचा आणि मग टायर हलवा. नाहीतर खूण मागे जाईल आणि दोष पुढेच राहील. डिकीतल्या जादा चाकाचीही हवा बघावी. त्याला आपण स्टेपनी म्हणतो ना? वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली असे जादा चाक तयार झाले, त्या रस्त्याचे नाव आपल्या गॅरेजपर्यंत आले आहे.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

"उन्हाने हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून उन्हाळ्यात पाच पौंड कमीच बरी," हा सल्ला आपण पुष्कळ वेळा ऐकतो. तो उलटा आहे. हवा तापून दाब वाढतो हे खरे, पण किती? तापमान दहा अंशांनी वाढले तर ३२ पौंडांच्या टायरमध्ये सुमारे दीड पौंड. एवढे गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. हवा कमी असली की मात्र टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात आणि सुटतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की हाताला चटका बसतो, तसे रबर आतून तापते. वरून बोजा आणि वेग यांची भर पडली की टायर फुटतो. म्हणून दारालगतच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीत जो आकडा दिला असेल तोच ठेवावा, भार जास्त असेल तेव्हा त्यासाठी दिलेला वेगळा आकडा पाहावा, आणि हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी.

महाराष्ट्रात आता लांब, सरळ, सिमेंटचे रस्ते झाले आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तिथे तासन्‌तास एका वेगाने गाडी चालते, टायरला उसंत मिळत नाही. म्हणूनच २०२३ साली परिवहन खात्याने समृद्धीच्या प्रवेशाजवळ टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. गावातल्या फेऱ्यांत जो टायर कसाबसा निभावतो, तो तिथे दगा देतो.

टायर कधी बदलावा? नव्या मोटारीच्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. १.६ मिलिमीटर उरली की कायद्याने तो टायर बाद. खोबणीच्या तळाशी लहान उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की समजावे, मुदत संपली. खोबणींचे काम पावसाचे पाणी बाहेर काढणे. त्या उथळ झाल्या की वेगात चाक पाण्यावर तरंगते, आणि तेव्हा ना सुकाणू ऐकते ना ब्रेक. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला ३ मिलिमीटर उरली असतानाच टायर बदलणे शहाणपणाचे. टायरचे वयही बघा. त्याच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनवलेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि नक्षी उरली तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नये, असे टायर बनवणारेच सांगतात.

शिक्षकांसाठी

वर्गात तीन लहान प्रयोग करता येतील. एक, ओल्या वाळूवरून खेळण्यातली गाडी ढकला. चाके सरळ असताना उमटणारा चाकोरीचा ठसा स्वच्छ येतो. एक चाक तिरपे करून ढकलली की ठसा रुंद आणि खरवडलेला येतो. दोन, दोन मुलांना एका काठीची दोन टोके धरून झाडाभोवती गोल फिरायला लावा आणि दोघांची पावले मोजा. आकरमानची युक्ती पुस्तकाशिवाय कळेल. तीन, काडीपेटीतली काडी टायरच्या खोबणीत उभी घालून नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. मात्र उभ्या, बंद गाडीच्या टायरवर आणि आपण जवळ असतानाच. मुलांनी शाळेच्या आवारात येणाऱ्या गाड्यांच्या टायरची खोली वहीत टिपली, तर ती आकडेवारी घराघरांत पोचेल. वडिलधाऱ्यांना आपण सांगितलेले पटेलच असे नाही, पण घरातल्या मुलीने पट्टी दाखवून म्हटले, "बाबा, आपला टायर दोन मिलिमीटरवर आलाय," तर ते दुर्लक्ष करणार नाहीत.

ट्रॅक्टरवाल्या बंधूंनी एक काम स्वतःच करून पाहावे. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या दोन्ही टायरच्या मध्यावर, चाकाच्या आसाच्या उंचीवर, समोरच्या अंगाला खडूने खूण करा. दोघांनी फीत धरून दोन खुणांमधले अंतर मोजा. मग ट्रॅक्टर थोडा पुढे घ्या, म्हणजे त्याच खुणा मागच्या अंगाला त्याच उंचीवर येतील. इंजिन बंद करून पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे टो. तो ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा. लहान मोटारीत मागच्या अंगाला फीत सरळ धरता येत नाही, तिथे गॅरेजच गाठावे.

या सगळ्याला खर्च किती? हवा तपासायला पाच मिनिटे, टायरांवर हात फिरवायला आणखी पाच. महिन्यातून एक दिवस ठरवून टाका, बाजाराच्या आदल्या दिवशीची सकाळ म्हणा. गाडीत बसणारी माणसे आपलीच असतात. त्यांना न्यायच्या आधी दहा मिनिटे वाकून पाहणे, एवढेच तुमच्याकडे मागणे आहे.